डब्यावरचं नाव

संपादकांनी ‘आपल्या कामाबद्दल लिहा’ म्हणून पत्र पाठवलं, तेव्हा मी त्यांना फोन करून विचारलं, “मी काय काम करत होते ते ठाऊक आहे ना? दिवाळी अंक लोक चकली खात खात वाचतात.” ते म्हणाले, “बाई, तुम्ही लिहा, आम्ही बघून घेऊ.” त्यांनी काय बघून घेतलं मला माहीत नाही, म्हणून मीच सांगते. फराळाची बशी जरा बाजूला ठेवा. सदाशिव पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकतीस वर्षं टेक्निशियन होते, आणि त्यातला बराचसा काळ मी लोकांचं शौच तपासण्यात घालवला.

रक्त तपासणाऱ्याला समाजात मान आहे. लघवी तपासणाऱ्यालाही लोक चालवून घेतात. आमच्या कामाचं मात्र कोणी नाव काढत नाही. माझे वडील कारखान्यात फिटर होते आणि आमच्या वस्तीत सायन्सची पदवी घेतलेली पहिली मुलगी मी. त्यामुळे जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कारही झाला होता. पण कोणी विचारलं की वडील सांगायचे, “ती लॅबमध्ये आहे. रक्ताचं बघते.” एकदा ते लॅबवर आले तेव्हा मी त्यांना मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. काचेखाली गोलजंताचं अंडं होतं, तपकिरी रंगाचं, भोवती खडबडीत झालर असलेलं. बराच वेळ बघून ते म्हणाले, “नक्षी चांगली आहे.” मग म्हणाले, “हात किती वेळा धुतेस?” बाहेर ते पुढेही ‘रक्ताचं’च सांगत राहिले, पण त्या दिवसानंतर मला बँकेतल्या नोकरीच्या जाहिराती कापून देणं त्यांनी बंद केलं.

काम तसं सोपं आहे. काचपट्टीवर एका बाजूला सलाईनचा थेंब टाकायचा, दुसऱ्या बाजूला आयोडीनचा. काडीच्या टोकावर मावेल एवढा नमुना दोन्हींत कालवायचा, वर पातळ काच ठेवायची आणि मायक्रोस्कोपखाली एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत शेतात तास, म्हणजे नांगराची एकेक रेघ, धरून नांगरत जावं तसं बघत जायचं. मधला एकही तास सोडायचा नाही, कारण अंडं नेमकं तिथेच असतं. जंतांची अंडी रोज सापडतीलच असं नाही, म्हणून लागोपाठ तीन दिवस तपासायचं. एवढंच. बाकी सगळी अक्कल नमुना घेऊन येणाऱ्या माणसाला सांभाळण्यात खर्च होते.

आम्ही प्रत्येकाला झाकणाची प्लास्टिकची डबी फुकट द्यायचो. पण लोकांचा त्या डबीवर विश्वास नसे. मी लागले तेव्हा नमुने काड्यापेटीतून आणि बामच्या बाटलीतून येत. मग कॅमेऱ्याच्या रोलची डबी आली. नव्वदनंतर श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, आणि मुलगा अमेरिकेला गेला की परदेशी चॉकलेटचे पत्र्याचे डबे. उदारीकरण देशात कुठून आलं ते अर्थतज्ज्ञ सांगतील, आमच्याकडे ते या डब्यांतून आलं. एका गृहस्थांनी एक लिटरचा डबा भरून आणला, तेव्हा आमच्या सरांनी, म्हणजे लॅबच्या मालक डॉक्टरांनी, स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: ‘नमुना एका शेंगदाण्याएवढा पुरतो. कृपया उदार होऊ नये.’ एक निवृत्त मुख्याध्यापक डबीवर चिठ्ठी चिकटवून आणायचे: ‘वेळ सहा दहा. एकंदर समाधानकारक.’

शेजारच्या गल्लीत एक डॉक्टरमॅडम बाळंतपणं करायच्या. त्यांच्याकडच्या गरोदर बायका आमच्याकडे येत. बाईला दिवस गेले की तिला स्वतःचं आणि बाळाचं असं दोघांचं रक्त बनवावं लागतं. त्यात पोटात जंत असले तर ते अर्ध्या वाटेत आपला वाटा काढून घेतात. वरून कितीही लोहाच्या गोळ्या द्या, गळक्या हंड्यात पाणी ओतल्यासारखं होतं. म्हणून हिमोग्लोबिन चढेना की मॅडम शौचतपासणी लिहून द्यायच्या, आणि तिथून घराघरांत नाट्य सुरू व्हायचं.

जंत निघाले की पहिला प्रश्न “औषध काय?” हा कधीच नसायचा. तो असायचा, “आमच्याकडे कसे काय?” एका सासऱ्यांनी तर रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटला. “अहो, आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. घरात कांदासुद्धा मोजका असतो. हे कुठून आले?” मी विचारलं, “कोथिंबीर खाता का?” म्हणाले, “रोज.” “धुऊन?” त्यांनी रिपोर्ट पुन्हा उचलला. “मातीतून भाजीवर, भाजीवरून पोटात. ते पत्ता आणि आडनाव विचारून येत नाहीत,” मी म्हटलं. त्यांनी माझ्या कोटावरचं आडनाव वाचलं, वाघमारे, आणि रिपोर्ट चार घड्या घालून खिशात ठेवला. पुढे त्यांच्या घरात कोथिंबीर पोटॅशच्या पाण्यात बुडू लागली असं त्यांच्या सुनेनंच मला सांगितलं.

पण मला लिहायचं आहे ते लिमये काकूंबद्दल. ती वर्षं म्हणजे पुण्यात जिकडेतिकडे आयटी, आयटी चाललेली. हडपसरला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि पोरापोरींच्या कंपन्यांच्या बस पहाटेपासून शहरभर फिरत होत्या. लिमये कुटुंब पेठेतली जागा सोडून कर्वेनगरच्या नव्या सोसायटीत राहायला गेलं होतं. मुलगा कंपनीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेत, सून केतकी हडपसरला नोकरीत, आणि घरात काकू. राहायला त्या कर्वेनगरला गेल्या तरी चक्का, चष्मा आणि दवाखाना या तीन गोष्टी त्यांना पेठेतल्याच लागत. त्यामुळे सुनेचा नमुना मांडीवर घेऊन त्या बसनं सदाशिव पेठेत आल्या.

“नाव?” मी विचारलं.

“केतकी लिमये. वय सत्तावीस. पाचवा महिना.”

काकूंनी रुमालाची गाठ सोडली आणि टेबलावर स्टीलचा छोटा डबा ठेवला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, ‘सौ. कुसुम लिमये’, आणि खाली लग्नाची तारीख. झाकणावर रबर लावून चिठ्ठी अडकवली होती, ‘केतकी’.

“काकू, आम्ही डबी दिली होती ना?”

“हो, ती छान आहे. घट्ट बसते. त्यात मी हिंग ठेवलाय.”

“नमुना स्टीलच्या डब्यात?”

“स्टील स्वच्छ असतं. तुम्ही काढून घ्या आणि डबा परत द्या, मी थांबते. लग्नातला सेट आहे. सहातले चारच उरलेत.”

मी नमुना काढून घेतला, डबा फिनेलनं धुतला आणि परत दिला. रजिस्टरमध्ये चिठ्ठीवरचं नाव लिहिलं. डब्यावरचं नाव मी वाचलं होतं, पण आपल्याकडे घरोघरी भांड्यांवर कोणाचं ना कोणाचं नाव असतंच. मामानं दिलेल्या पातेल्यात आमटी केली म्हणून ती मामाची होत नाही.

लागोपाठ तीन दिवस काकू बरोबर सव्वाआठला हजर झाल्या. तिन्ही दिवशी मी काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितली. काही नव्हतं. एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांना खटकली. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईचं शौच काळपट होतं, अगदी डांबरासारखं. दर महिन्याला एखादी तरी मुलगी घाबरून विचारायला येते. हा नमुना मात्र हळदीसारखा पिवळा होता. रिपोर्टात पहिलीच ओळ रंगाची असते. मी तिथे ‘पिवळा’ लिहिलं आणि शेवटच्या ओळीत ‘जंत किंवा अंडी आढळली नाहीत’ असं लिहिलं. शेवटची ओळ सगळेच वाचतात. पहिली ओळ मी एकटीच लिहीत होते आणि एकटीच वाचत होते.

“नॉर्मल ना?” काकूंनी विचारलं.

“नॉर्मल.”

“मला वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या, आणि बोर्डात आलेल्या मुलीच्या आईसारख्या जिना उतरून गेल्या.

महिन्याभरात केतकीचं हिमोग्लोबिन साडेआठवरून साडेसातवर आलं. मॅडम काळजीत पडल्या. गोळ्या चालू, खाणं चांगलं, रक्त कुठे जातंय कळेना. त्यांनी पुन्हा एकदा शौचतपासणी लिहून दिली. पुन्हा तोच डबा आला, तोच नमुना, पिवळाधमक. आणि तेव्हा मला माझी हुशारी दाखवायची लहर आली. मी मॅडमना फोन केला. “मॅडम, मी टेक्निशियन आहे, सांगू नये. पण ही मुलगी गोळ्या घेत नाही. नमुन्याचा रंगच सांगतो.” पलीकडून मॅडम म्हणाल्या, “वाघमारे, हे माझ्या लक्षातच आलं नाही!” त्या दिवशी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की घरी जाताना मी अर्धा किलो जिलबी घेतली.

मॅडमनी केतकीला बोलावून चांगलंच झापलं. गोळ्या कचऱ्यात टाकतेस का, बाळाच्या जिवाची पर्वा आहे की नाही, शिकल्यासवरल्या मुली तुम्ही. बाहेर बसलेल्या बायकांनीही ते ऐकलं.

दोन दिवसांनी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि खांद्याला लॅपटॉपची बॅग लावलेली एक मुलगी आमचा एक मजल्याचा जिना चढून वर आली आणि दारातच कठड्याला धरून उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. बोलता येईपर्यंत तिला मिनिटभर तरी लागलं असेल.

“वाघमारे मॅडम आपणच का?”

“हो.”

तिनं बॅगेतून कागदी पिशवी काढली आणि टेबलावर उलटी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली, ढीगभर.

“मोजा. एकही डोस मिस केलेला नाहीये मी. आई रोज कॅलेंडरवर टिक करतात. त्या गोळ्यांनी मला मळमळतं, मीटिंगमध्ये उठून जावं लागतं, तरी मी घेते. आणि डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणतात मी फेकून देते! इट्स सो इन्सल्टिंग!”

ती रडायला लागली. मी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. पण मलाही माझ्या मायक्रोस्कोपचा अभिमान होता. मी म्हटलं, “अगं, पण मग नमुना पिवळा कसा?”

“कुठला नमुना?”

“शौचाचा. चार वेळा दिलास की.”

तिनं डोळे पुसले. “मॅडम, मी एकदाही दिलेला नाही. साडेसहाला माझी बस असते. मी आईंना म्हटलं होतं, शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा देते. तर त्या म्हणाल्या, झालं ते काम.”

माझ्या डोळ्यांसमोर तो डबा आला, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांसकट.

“कुसुम कोण?” मी विचारलं.

“माझ्या सासूबाई,” केतकी म्हणाली, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

फोन केल्यावर काकू तासाभरात आल्या. पदर खोचलेला, रुमालात डबा. त्यांना वाटलं, आणखी एक नमुना हवाय.

“काकू, आधी दिलेले चारही नमुने कोणाचे होते?”

“आमच्या घरातले.”

“घरातल्या कोणाचे?”

“माझे,” काकू म्हणाल्या. ना लाज, ना संकोच. “डॉक्टरांनी गुरुवारपासून सांगितलं होतं. गुरुवार म्हणजे गुरुवार. हिला त्या दिवशी वेळ नाही, बस चुकते म्हणे. माझं असं आहे, पावणेसहाला घड्याळ लावून घ्यावं. मग खोळंबा कशाला?”

“अहो, पण तपासणी हिची होती!”

“एका घरात राहतो, एका कुकरचा भात खातो, एका माठातलं पाणी पितो. आमटीला मीठ आहे का ते घरातले सगळे चाखून बघतात का? एकीनं चाखलं की झालं.”

“आई!” केतकी एवढंच म्हणाली.

काकूंचा चेहरा प्रथमच विचारात पडलेला दिसला. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा सुनेकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “म्हणजे ते चारही रिपोर्ट माझे?”

“तुमचे.”

“म्हणजे माझं सगळं नॉर्मल आहे.”

पार्टिशनच्या पलीकडे सरांना जोराचा खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

शनिवारी केतकी स्वतः आली, आमच्याच प्लास्टिकच्या डबीत नमुना घेऊन. झाकण उघडलं. काळाकुट्ट होता. पोरगी खरं बोलत होती. काच लावली आणि पहिल्याच तासात अंडं दिसलं, पातळ कवचाचं, आत चारसहा गोळे असलेलं. मग दुसरं. मग मोजणं सोडून दिलं. अंकुशकृमी. हा जंत आतड्याला आकड्यासारखा चिकटून बसतो आणि थेट रक्त पितो. पोटात तो भाजीतून सहसा येत नाही. मातीतली त्याची अळी अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरते.

केतकी बाहेर बाकावर बसली होती, शेजारी काकू. मी विचारलं, “पायाला खाज येते का गं?”

“येत होती. बोटांच्या मध्ये. आईंनी खोबरेल लावलं.”

“तू तर दिवसभर बूट घालून असतेस. अनवाणी कुठे चालतेस?”

तिनं काकूंकडे बघितलं. उत्तर काकूंनी दिलं, अगदी खालच्या आवाजात.

“मी सांगितलं तिला. दिवसभर त्या स्क्रीनसमोर बसते. पहाटे दवातल्या गवतावर अनवाणी चाललं की डोळे निवतात. आमच्या सोसायटीच्या मागे हिरवळ आहे. रोज बसच्या आधी दहा मिनिटं नेत होते.”

“तुम्ही पण चालता?”

“माझे गुडघे दुखतात. मी कडेला उभी असते. तिच्या चपला हातात घेऊन.”

त्या हिरवळीच्या पलीकडे नव्या इमारतीचं बांधकाम चाललं होतं. मधली भिंत पडलेली. पलीकडे मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या, आणि त्यांच्यासाठी संडास एकही नाही. अंधारात माणसं जातील कुठे? पाणी मारलं की सगळं वाहत हिरवळीवर येत होतं. मी विचारत गेले तसं हे एकेक काकूंच्याच तोंडून निघालं, आणि त्याचा अर्थ मी सांगत गेले तसतशा त्या लहान होत गेल्या. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि बाकावर सगळ्यांदेखत रडल्या. “मी तिच्या चपला हातात घेऊन उभी राहायचे हो,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. केतकीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटतं, त्या दोघी इतक्या जवळ त्या दिवशी पहिल्यांदाच बसल्या असतील.

मला मात्र कोणाच्या पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही. काकूंनी विचार न करता चूक केली. मी चांगला विचार करून केली. चार वेळा ‘पिवळा’ लिहिलं, चार वेळा डब्यावरचं नाव वाचलं, आणि नमुना कोणाचा हे एकदाही विचारलं नाही. उलट एका निर्दोष मुलीला खोटं ठरवलं आणि वर जिलबी खाल्ली. या सगळ्यात सव्वा महिना गेला. तोवर केतकीचं हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठवर आलं होतं. बाळंतपणात नेहमीएवढं रक्त गेलं असतं तरी ते तिला पेललं नसतं, हे मॅडमनी मला फोनवर सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

पहिले तीन महिने उलटून गेले होते, त्यामुळे मॅडमनी जंताचं औषध लगेच दिलं. दवाखान्यात ठेवून रक्तही चढवलं. पुढचे सगळे आठवडे मी रोज सकाळी आधी केतकीच्या नावाचा कागद आला का ते बघायचे. सात पूर्णांक नऊ आलं. मग पावणेनऊ. मग एक दिवस दहा आलं, तेव्हा मी तो कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले, आणि सर मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाले, “नमुना कोणाचा आहे ते विचारलंत ना?” ते वाक्य पुढे त्यांनी पाटीवर लिहून टेबलावर ठेवलं. मी निवृत्त झाले तेव्हाही ती पाटी तिथेच होती. जबाबदार कोण हे त्यावर लिहिलं नव्हतं, हा त्यांचा मोठेपणा.

केतकीला मुलगी झाली. वजन जरा कमी, आवाज भरपूर. काकू बर्फी घेऊन आल्या. रुमालाची गाठ सोडली आणि आतून स्टीलचा डबा निघाला, त्याच लग्नातल्या सेटमधला. सर दोन पावलं मागे सरकले. मीही हात पुढे केला नाही.

“घाबरू नका, तो नव्हे. तो मी मोडीत दिला,” काकू म्हणाल्या. “हा दुसरा. नीट बघा तरी.”

डब्यावर काकूंचं नाव होतंच. त्याच्या खाली, ताज्या चकाकत्या ठिपक्यांत, नवं नाव घातलं होतं: ‘वाघमारेबाईंस’.

“तुम्हालाच आहे. वर नाव घालून आणलं, म्हणजे पुन्हा घोळ नको.”

मी बर्फी खाल्ली. एक नाही, तीन.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण काकूंना ती संपवायची नव्हती. सोसायटीच्या सभेत सगळ्यांचं मत पडलं की मधली भिंत बांधून घ्यावी, चांगली पुरुषभर उंच. काकू उठून म्हणाल्या, “भिंत बांधा. पण त्या बायकांनी जायचं कुठे, तेवढं आधी ठरवा.” कोणीतरी म्हणालं, तो बिल्डरचा प्रश्न आहे. “बरं,” म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता घडीची खुर्ची घेऊन बिल्डरच्या साइट ऑफिसच्या दारात जाऊन बसल्या. काही मागितलं नाही, आरडाओरडा केला नाही. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, फ्लॅट बघायला आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा, त्या अंकुशकृमी म्हणजे काय ते सविस्तर सांगत बसायच्या. अंड्यापासून सुरुवात करून. आठवड्याच्या आत तिथे मजुरांसाठी संडास उभे राहिले. गिऱ्हाइकं पळून जाणं बिल्डरलाही परवडत नव्हतं.

आणि मग एक दिवस सव्वाआठला काकू पुन्हा जिना चढून आल्या. या वेळी त्यांच्या मागे हिरव्या पातळातली एक बारीकशी बाई होती. पोट दिसत होतं, डोळ्यांखालचा भाग कागदासारखा पांढरा होता. साइटवर विटा वाहायची. दाराशीच ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि त्याच दारात कठड्याला धरून उभी राहिलेली केतकी मला आठवली.

काकूंनी टेबलावर आमचीच प्लास्टिकची डबी ठेवली. हिंगाचा वास येत होता.

मी पाटीकडे बोट दाखवलं. “नमुना कोणाचा?”

“हिचा. सुमन. वय बावीस, सहावा महिना. मी दाराबाहेर उभी होते.”

“व्हय बाई,” सुमन खाली बघत म्हणाली. “ह्या दारातच हुत्या उभ्या. ‘झालं का, झालं का’ करत. मला लई लाज वाटली.”

“गोळ्या घेते?”

“मी देते. माझ्यासमोर गिळते,” काकू म्हणाल्या. “जीभ वर करून बघते मी.”

सरांनी बिल करू नका अशी खूण केली. मी काच लावली. पहिल्याच तासात अंडं होतं, मग दुसरं. किती बायका त्या साइटवर, आणि दुसऱ्या साइटवर, आणि हडपसरच्या त्या काचेच्या इमारती बांधताना अशाच भिंतीला टेकून दम घेत असतील, आणि त्यांच्यापैकी एकीचीही डबी माझ्या टेबलावर कधी आली नाही. तितक्या वर्षांत मला ते सुचलंही नव्हतं. मला वाईट वाटलं आणि ते अजून जात नाही.

रिपोर्ट टाइप करून मी काकूंच्या हातात दिला. शेवटच्या ओळीकडे त्यांनी बघितलंच नाही. बोट पहिल्या ओळीवर ठेवून वाचलं, “रंग, काळा,” आणि सुमनला म्हणाल्या, “बघ, तुझाच आहे.” मग तिचा हात धरून मॅडमच्या दवाखान्याकडे निघाल्या. दारात मी त्यांना थांबवलं.

“काकू, तुम्हीही आता त्या साइटवर रोज जाता. एकदा तुमचीही तपासणी करून घेऊ.”

काकू वळल्या. या बाईला एवढंही कळू नये, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“माझी कशाला?” त्या म्हणाल्या. “माझे चार नॉर्मल रिपोर्ट आहेत घरी.”